उलटा पीळ

फ्यूज उडाला की सिद्रामप्पा आधी त्याला नमस्कार करायचे आणि मग शिव्या द्यायचे. नमस्कार जळलेल्या तारेला, शिव्या आम्हांला.

सगळा कारखाना थांबलेला असायचा. अप्पा बोर्डासमोर जाऊन चपला काढत, चिनी मातीचा ठोकळा उपसून बाहेर घेत, त्यातला काळा पडलेला तारेचा तुकडा तळहातावर ठेवत आणि तो तळहात कपाळाला लावत. "गेला बिचारा. आपलं काम करून गेला." तो तुकडा कचऱ्यात जात नसे. खाकी शर्टाच्या खिशात तंबाखूची एक रिकामी डबी होती, तिच्यात जाई. खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा व्हायची. विणकर धोटे मांडत, फिटर पाने मांडत, आणि अप्पा पक्कड-टेस्टरच्या शेजारी ती डबी उघडून वर्षभरातल्या जळक्या तारांवर हळद-कुंकू वाहत.

मालक एकदा म्हणाले, "अप्पा, जळलेल्या तारेची कसली पूजा करता? चालू आहे तिची करा."

"चालू हाय तिचं काय सांगावं, शेठ? हिनं करून दाखवलंय."

मी त्या कारखान्यात सुपरवायझर होतो. नातेपुत्याच्या शाळामास्तरचा मुलगा, कापडाचा डिप्लोमा घेऊन सोलापुरात आलेला. दुष्काळानंतरची ती वर्षं. टॉवेल आणि चादरी विणणारे बारा यंत्रमाग, वर पत्र्याचं छप्पर, आणि वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. आज माझं वय एक्याऐंशी आहे. आमच्या वेळचे जे चार-दोन लोक अजून शिल्लक आहेत, ते कधी भेटले तर अप्पांची एकच गोष्ट सांगतात: सिद्रामप्पा वायरमननं फ्यूजमध्ये भलतीच तार घातली आणि कारखाना पेटवला. ही गोष्ट खोटी आहे. ती किती खोटी आहे हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. पण ते पुढे सांगतो. आधी माणूस कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर लोक माझी कबुली ध्यानात ठेवतील आणि अप्पांना विसरतील. आगीच्या गोष्टीपायी तसं एकदा झालेलं आहे.

अप्पांना उघडा आकडा सहन होत नसे. आपण सहज बोलून जातो, 'चाळीसचा बल्ब द्या.' अप्पांसमोर असं म्हणायची सोय नव्हती.

"चाळीस काय? चाळीस शेर? चाळीस गाढवं?"

"चाळीस वॅट, अप्पा."

"मग तसं म्हणा की. आकडा नागडा फिरवू नये, साहेब. त्याला युनिटचं धोतर नेसवावं."

हे विजेपुरतं असतं तरी चाललं असतं. पण किती वाजले म्हणून विचारल्यावर कुणी 'पाच' म्हणालं, तरी अप्पा थांबायचे. "पाच काय? पाच पांडव?" चहावाला कानडी होता. तो अप्पांना मुद्दाम छळायचा. "येष्ट री अप्पा, किती आणू? दोन?" अप्पा तोंड फिरवून बसायचे. 'दोन कप' असं नीट म्हटल्याशिवाय त्यांनी चहाला हात लावल्याचं मी पाहिलं नाही, आणि एकदा तर चहा साय धरेपर्यंत हा वाद चालला होता.

विणकरांना त्यांनी वीज शिकवली होती. आमच्याकडचे बहुतेक विणकर घरी तेलुगू बोलणारे, शाळा जेमतेम. पण व्होल्ट म्हणजे काय आणि अँपिअर म्हणजे काय, हे त्यांना माझ्या डिप्लोमाच्या वर्गातल्या निम्म्या पोरांपेक्षा चांगलं कळत होतं. अप्पांच्या शिकवण्यात सिद्धेश्वराच्या यात्रेतली गड्ड्याची जत्रा असायची.

"संक्रांतीला गड्ड्यात गर्दी होती की न्हाई? मागनं जो रेटा येतो, तो व्होल्ट. फाटकातनं मिनटाला किती माणसं आत शिरत्यात, ते अँपिअर. आन् फाटक जितकं अरुंद, वाट जितकी लांब, तितकी अडवणूक जास्ती. तो ओहम. रेटा वाढला की माणसं जास्ती शिरत्यात. फाटक अरुंद केलं की कमी. झालं. एवढंच हाय. ह्याच्यावर साहेबलोक दोन वर्षं घालवत्यात."

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

"आणि वॅट?" नरसय्या विचारायचा. नरसय्या हा सात नंबरच्या मागावरचा विणकर, अप्पांचा सर्वांत जुना शिष्य. त्याला उत्तर पाठ होतं, पण अप्पांना सांगायला आवडतं हेही त्याला पाठ होतं.

"रेटा गुणिले माणसं. आत जाऊन किती काम झालं, त्याचा वेग. हजार वॅटचं काम एक तास चाललं की बिलावरचं एक युनिट. बिल वाचता येतं का तुला?"

"बिल शेठ वाचतो. मी तोंड वाचतो त्याचं."

माणसांनाही ते हेच माप लावायचे. त्या काळात टेरिलीनच्या शर्टांची चलती होती. थंडीत असला शर्ट अंगातून काढला की चटचट ठिणग्या उडायच्या. "शेठ म्हणजे टेरिलीनचा शर्ट," अप्पा म्हणायचे. "व्होल्ट म्हणाल तर हजारांनी. पण त्याच्यावर दिवा लागत न्हाई. अँपिअरच न्हाईत." नरसय्याला ते बॅटरीचा सेल म्हणत. "दीड व्होल्ट. कुणाला झटका द्यायचा न्हाई. पण सुरू केला की चालतोय." बायकोचं नाव महादेवी. तिच्याविषयी: "आमच्या घरात ओहमची टांकसाळ हाय."

मी पुष्कळदा विचारलं, "अप्पा, माझं काय?"

"तुमचं अजून मोजायलोय, साहेब. घाई काय हाय?"

मागाची मोटर एक हॉर्सपॉवरची असते. अप्पांनी कुठेसं वाचलं होतं की एक घोडा म्हणजे सातशे शेहेचाळीस वॅट, आणि धडधाकट माणूस दिवसभर राबला तर पंचाहत्तर वॅटच्या आसपास देतो. नरसय्या पूर्वी हातमागावर होता. अप्पांनी त्याला समोर उभं करून हिशेब मांडला: एक मोटर म्हणजे दहा नरसय्या. सगळे हसले. नरसय्याही हसला. मग म्हणाला, "अप्पा, उरलेले नऊ नरसय्या कुठं गेले?"  त्या दिवशी अप्पांनी कुणाचा आकडा दुरुस्त केला नाही.

लोखंडावर त्यांचा विश्वास नव्हता. टेस्टर खिशात पेनासारखा लावलेला असे, आणि लोखंडी खुर्ची असो, कपाट असो की बसस्टँडवरचा बाक, टेस्टर टेकवून त्यातला इवलासा लाल दिवा लागत नाही हे पाहिल्याशिवाय ते बसत नसत. आम्ही हसायचो. माझ्या घरी सत्यनारायणाला आले, तेव्हा तीर्थप्रसादाआधी त्यांनी टेबलफॅनला टेस्टर लावला. लाल दिवा लागला.

माझी बायको गरोदर होती. ओल्या पायांनी तीच तो पंखा दिवसातून दहा वेळा लावायची.

अप्पांनी पंखा तिथंच उघडला. आतली तार मीच जोडलेली होती. ती त्यांनी उजेडाकडे धरली आणि माझ्या हातांकडे पाहिलं.

"डावखुरे का तुमी?"

"हो."

"पीळ उलटा पडलाय. स्क्रूभोवती वेढाबी उलटा. स्क्रू ज्या दिशेनं आवळतो त्याच दिशेनं वेढा पाहिजे, न्हाईतर आवळताना तार बाहेर सरकती. बाहेर सरकलेली तार लोखंडाला लागती." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनींना दिवस गेलेत, साहेब. हात जरा सांभाळून चालवावा की."

तेव्हापासून माझ्या बायकोला सोलापुरात एकच शहाणा माणूस दिसायचा. तिनं त्यांना प्रसादाचा शिरा दुसऱ्यांदा वाढला, तेव्हा विचारलं, "किती घालू, अप्पा?" आणि मग स्वतःच म्हणाली, "दोन चमचे." अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघा, शिकायला दोन वर्षं लागत नाहीत.

आता त्यांच्या हजेरीविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

वीज गेली की प्रत्येक विणकरानं आपल्या मागाचा स्विच बंद करायचा, असा अप्पांचा नियम होता. वीज आली तरी कुणी हात लावायचा नाही. अप्पा बोर्डापाशी उभे राहून शाळेच्या मास्तरसारखे पुकारायचे, "माग नंबर एक!" एक नंबरचा विणकर स्विच पाडायचा. मोटर घुरघुरून उठायची. तिचा आवाज स्थिर झाला की अप्पा म्हणायचे, "बसला. माग नंबर दोन!" असे बारा. मध्येच एखादा 'हजर' म्हणायचा आणि हशा व्हायचा.

"हत्ती उठताना जोर लावतो," ते सांगायचे. "उठल्यावर निवांत चालतो. मोटर चालताना दोन अँपिअर घेती, उठताना दहा-बारा. बारा हत्ती एकदम उठवले तर फ्यूज मरणारच. त्याचा काय दोष?"

यात पाच-सात मिनिटं जायची, आणि वीज दिवसातून तीनदा जायची. मालक माझ्या टेबलापाशी येऊन घड्याळाकडे बघत उभे राहायचे. "सुपरवायझर तुम्ही का तो?" असं एकदा सर्वांसमोर विचारलं. मी तरुण होतो, आणि डिप्लोमावाला होतो. चौथी शिकलेल्या वायरमनचं वाक्य संपेपर्यंत मला सगळा कारखाना धरून उभं राहावं लागे. खरं सांगायचं तर मला मालकांपेक्षा त्या 'साहेबलोक दोन वर्षं घालवत्यात'चा राग जास्त होता. इतक्या लहान गोष्टीचा राग इतकं मोठं काम करतो, हे तेव्हा कळलं नाही.

संक्रांत आली. सिद्धेश्वराच्या यात्रेत अप्पांच्या घराण्याकडे नंदीध्वजाच्या उंच काठीला खांदा द्यायचा मान होता, त्यामुळे ते दरवर्षी पाच दिवस रजा घ्यायचे. एरवी जाताना ते बोर्डाच्या खोलीला कुलूप लावून चावी घरी नेत आणि दिवसातून दोनदा यात्रेतून धावत येऊन बोर्ड बघून जात. त्या वर्षी त्यांनी चावी माझ्या हातावर ठेवली.

"यंदा तुमी बघा. डिप्लोमा हाय, घरातला पंखा आता नीट चालतोय. हजेरी तेवढी चुकवू नका, साहेब. फ्यूजची तार फळीवर हाय. तीस अँपिअर. तीस काय?"

"तीस अँपिअर, अप्पा," मी म्हणालो.

पहिल्याच दिवशी वीज गेली आणि आली. मी हजेरी घेतली नाही. "चला, सगळे एकदम!" म्हणालो. विणकरांनी एकमेकांकडे पाहिलं. नरसय्या म्हणाला, "साहेब, अप्पा म्हणत होते..." मी म्हणालो, "अप्पा आज सुपरवायझर आहेत का?"

फ्यूज उडाले. मी नवी तार घातली. पुन्हा एकदम सुरू केले. पुन्हा उडाले. आता हजेरी घेणं म्हणजे बारा विणकरांसमोर हरणं होतं. मागात ताण्याचे धागे ज्या बारीक पोलादी तारांच्या डोळ्यांतून ओवलेले असतात, तसल्या जुन्या तारांची जुडी खोलीत पडली होती. त्यांतल्या पाच-पाच तारा घेऊन मी काडेपेटीच्या काडीएवढा जाड पीळ वळला आणि तिन्ही फ्यूजांत बसवला. विणकामातल्या माणसालाच सुचावी अशी ही अक्कल. दार लोटलेलं होतं. कुणी पाहिलं नाही.

बारा माग एकदम उठले. पत्र्याचं छप्पर थरारलं. फ्यूज गेला नाही.

मालक संध्याकाळी म्हणाले, "बघा, एवढंच होतं." मी ते पीळ काढणार होतो. दुसऱ्या दिवशी काढणार होतो. मग तिसऱ्या. त्या तीन दिवसांत जेवढे टॉवेल निघाले तेवढे आधी कधी निघाले नव्हते.

चौथ्या दिवशी दुपारी सात नंबरच्या मागात आडवा धागा नेणारा धोटा अडकला आणि मोटर जागच्या जागी कुथत राहिली. अशा वेळी मरायचं काम फ्यूजचं. माझ्या पिळाला मरणं माहीत नव्हतं. मोटर जळली, मोटरकडे जाणारी तार तापून लाल झाली, आणि तारेवर महिनोन् महिने साचलेल्या सुताच्या रुईनं पेट घेतला. बाकीचे बाहेर पळाले. नरसय्या आपल्या मागाचा स्विच बंद करायला आत गेला, कारण माग थांबला की आधी स्विच बंद करायचा हे त्याला अप्पांनी शिकवलं होतं. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. माग चालवायला दोन्ही हात लागतात.

अप्पा यात्रेतून धावत आले. अंगात पांढरी बाराबंदी, कपाळाला भस्म. आग विझली होती. त्यांनी चपला काढल्या, बोर्डाच्या खोलीत गेले आणि ठोकळा उपसला. तो पीळ काळासुद्धा पडला नव्हता. अप्पांनी तो उजेडाकडे धरला. नमस्कार केला नाही. मग वळून माझ्या हातांकडे पाहिलं. मी डावा हात पाठीमागे घेतला.

"जळली न्हाई," एवढंच ते म्हणाले.

सरकारी निरीक्षक आले. टेबलावर तीन पीळ. मालक, मी, अप्पा. बाहेर विणकर उभे होते, पण त्यांना कुणी आत बोलावलं नाही.

निरीक्षकांनी मला विचारलं, "फ्यूजचं काम कोणाकडे असतं?"

"सिद्रामप्पांकडे." हे खरं होतं.

"ते तर रजेवर होते. मग ही तार कोणी घातली?"

माझ्या बायकोला सातवा महिना लागला होता. मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "रजेवर जायच्या आधीच घातली असणार."

हे वाक्य खोटं होतं. माझ्या आयुष्यात मी बोललेलं सर्वांत लहान आणि सर्वांत टिकाऊ वाक्य.

निरीक्षक अप्पांकडे वळले. अप्पा माझ्याकडे बघत नव्हते, टेबलावरच्या पिळाकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. 'साहेब, हा पीळ उलटा हाय, डाव्या हाताचा हाय,' एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. 

"बोर्ड माझा हाय," अप्पा म्हणाले.

"म्हणजे तार तुम्ही घातली?"

"बोर्ड माझा हाय, साहेब. काय लिव्हायचं ते लिव्हा."

त्यांचं वायरमनचं परमिट गेलं. नोकरी गेली. सोलापुरातल्या एकाही कारखान्यानं त्यांना दारात उभं केलं नाही. ज्या माणसानं वीस वर्षं जळक्या तारेला नमस्कार केला, त्याचं नाव न जळणारी तार घालणारा म्हणून गावभर झालं. विणकरांना खरं काय ते ठाऊक होतं, असं मला वाटतं. दुसऱ्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचे, पण वीज आली की कुणी न सांगता एकेक करून माग सुरू करायचे. एक. दोन. तीन. बारापर्यंत. मी टेबलापाशी मान खाली घालून बसायचो.

अप्पा सोलापूरजवळच्या कुंभारीला राहायला गेले, एवढंच कळलं. मुलगी झाली, तिचं बारसं झालं. बायको म्हणाली, "अप्पांना बोलवा." मी म्हणालो, पत्ता नाही. पत्ता होता.

मग तीन-चार वर्षांनी, सत्तरचं दशक संपत आलं असताना, मी एकदाचा कागद लिहिला. निरीक्षकांच्या नावानं, चार ओळींचा. तार मी घातली. अमुक दिवशी घातली. सिद्रामप्पांचा संबंध नाही. त्यांचं परमिट परत मिळावं. खाली सही. आधी अप्पांना दाखवायचा, मग नेऊन द्यायचा, असं ठरवून कागद खिशात घातला आणि कुंभारीला गेलो.

दिवेलागणीची वेळ होती. महादेवीबाईंनी "बर्री, बर्री" म्हणून आत बोलावलं आणि घोंगडी टाकली. घरात कंदील होता. अप्पा सायकलचा डायनामो उघडून बसले होते. वाळले होते. मला पाहून म्हणाले, "या साहेब. पोरगी केवढी झाली?"

"तीन." जीभ चावून म्हणालो, "तीन वर्षांची."

ते हसले. त्या हसण्यानं मला जास्त त्रास झाला.

कंदिलाच्या उजेडात मी वर पाहिलं, तर घरात सगळी वायरिंग केलेली. सागवानी पट्टीवर सरळ रेषेत ओढलेली तार, समान अंतरावर ठोकलेल्या चिमट्या, मध्ये लोंबता बल्ब. अप्पांचा हात कुणालाही ओळखू आला असता. दाराशी मीटर होता.

"वीज आलीय की तुमच्याकडे! मग कंदील?"

"तार मी ओढली. सही दुसऱ्या वायरमनची. मला परमिट न्हाई ना." अप्पा डायनामोतून मान वर न करता बोलत होते. "तार ओढणं ते सुतारकाम धरा. पण फ्यूज म्हणजे सही हाय. ह्या हातांना परवानगी न्हाई, तर मी घालणार न्हाई. कायदा म्हंजे कायदा."

"ओहमची टांकसाळ मी म्हणे," महादेवीबाई चुलीपाशी पुटपुटल्या. "बघा आता कोण हाय ते."

अप्पा उठले. दाराशी गेले, ठोकळा उपसून माझ्यासमोर धरला. दुसऱ्या हातात तारेचा छोटा तुकडा.

"घाला."

"मी? मलाही परमिट नाही, अप्पा."

"न्हाई. पण तुमाला सवय हाय."

आवाजात राग नव्हता. काही नव्हतं. मी ठोकळा घेतला. तार डाव्या हातात धरली. स्क्रूभोवती तार उलटीच वळायला लागली, तशी अप्पांनी माझी बोटं धरली आणि हळूच दुसऱ्या दिशेला वळवली. "हिकडनं. स्क्रू आवळतो त्या दिशेनं. असं." त्यांचा तळहात खरखरीत आणि ऊन होता. "किती हाय ही?"

"पाच."

"पाच काय?"

"पाच अँपिअर."

ठोकळा बसवला. महादेवीबाईंनी बटण दाबलं. दिवा लागला. त्या कितीतरी वेळ वर बघत राहिल्या आणि मग त्यांनी दिव्याला हात जोडले.

माझा हात पुन्हापुन्हा खिशाकडे जात होता. अप्पांनी ते पाहिलं.

"खिशात काय हाय, साहेब?"

आत्ता, मी मनाशी म्हणालो. काढ आणि दे. पण त्या उजेडात मला घरी निजलेली तीन वर्षांची मुलगी दिसली, मालक दिसले, निरीक्षक दिसले, नरसय्याची बोटं दिसली.

"काही नाही," मी म्हणालो.

अप्पांनी खिशातून टेस्टर काढला आणि अगदी गमतीनं माझ्या शर्टाच्या खिशाला टेकवला. दोघेही त्या काचेतल्या लाल दिव्याकडे बघत राहिलो. तो लागला नाही.

"खरंच काही न्हाई," अप्पा म्हणाले आणि टेस्टर परत आपल्या खिशाला लावून टाकला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. पोरीला पंखा लावू देत जाऊ नका. वहिनींना सांगा, अप्पानं विचारलंय."

महादेवीबाई मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, "चार म्हयने झाले मीटर बसून. नरसय्या आला होता, म्हणाला डाव्या हातानं मी घालतो. ह्यांनी न्हाई म्हटलं. शेजारी म्हणाले, त्यांनाबी न्हाई. कंदिलात बसायचे आन् म्हणायचे, साहेब येतील एक दिवस, तेच घालतील. म्या म्हटलं, कोण येतंय तुमाला इचारायला? येणारा आला असता की. तर म्हणायचे, येतील, डिप्लोमावाल्यांना दोन वर्षं जास्ती लागत्यात."

मी मागे वळून पाहिलं. दारातून उजेड रस्त्यावर पडला होता, आणि त्यात अप्पा मान वर करून, चपला काढून, मीटरसमोर उभे होते.

तो कागद मी निरीक्षकांना दिला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. पुढे शर्टाबरोबर धुतला गेला. अप्पा परमिटाशिवायच वारले. ते गेल्याचं मला नरसय्यानं येऊन सांगितलं, आणि माझ्या घरात पाणीसुद्धा न घेता निघून गेला.

म्हणून आता लिहितो. तार मी घातली, डाव्या हातानं. सिद्रामप्पांचा संबंध नाही.

बघतो तर मजकूर तोच आहे, दोनच ओळींत बसतो. त्यासाठी एवढी पानं आणि एवढी वर्षं लागली. तार जितकी लांब ओढाल तितका ओहम वाढतो, हे अप्पांनी गड्ड्याची गर्दी दाखवून शिकवलं होतं. मी तेव्हा मान हलवली होती.